स्मोकी बेअर: वणवा रोखणारी जाहिरात कशी चालते आणि कुठे अपुरी पडते

साबणाच्या जाहिरातीचं यश मोजणं सोपं असतं. किती साबण खपले ते पाहिलं की झालं. वणवा लागू नये म्हणून केलेली जाहिरात यशस्वी होते तेव्हा मात्र काहीच घडत नाही. डोंगरात कुणीतरी पेटवलेली शेकोटी निघण्याआधी नीट विझवतं आणि घरी जातं. त्याची बातमी होत नाही, कुठल्या वहीत नोंद होत नाही. या न घडणाऱ्या गोष्टीसाठी अमेरिकेत १९४४ पासून आजतागायत एक जाहिरात मोहीम सुरू आहे. तिचा चेहरा आहे स्मोकी बेअर नावाचं अस्वल: डोक्यावर वनरक्षकाची रुंद काठाची हॅट, निळी जीन्स, हातात फावडं. लोकहिताची इतकी दीर्घकाळ चाललेली दुसरी जाहिरात मोहीम त्या देशात नाही.

ही मोहीम नीट समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण जाहिरातीने माणसाचं वागणं किती बदलतं आणि कुठल्या गोष्टी जाहिरातीच्या हातात नसतातच, हे दोन्ही तिच्यात स्पष्ट दिसतं.

सुरुवात युद्धातली

फेब्रुवारी १९४२ मध्ये एका जपानी पाणबुडीने कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराजवळच्या तेलक्षेत्रावर तोफगोळे डागले. नुकसान किरकोळ होतं, पण लॉस पाद्रेस हे राष्ट्रीय वन तिथून जवळच होतं आणि शत्रू आपली जंगलं पेटवू शकतो ही धास्ती पश्चिम किनाऱ्यावर पसरली. सप्टेंबरमध्ये ती खरीही ठरली. पाणबुडीवरून उडालेल्या एका छोट्या विमानाने ऑरेगन राज्यात ब्रुकिंग्जजवळच्या जंगलावर आग लावणारे बॉम्ब टाकले. पावसाने जंगल ओलं होतं म्हणून आग पसरली नाही. वणवे विझवणारे धडधाकट तरुण सैन्यात गेले होते, आणि लाकूड तर युद्धसामग्रीच होतं. विझवायला माणसं नाहीत, तर आग लागूच नये हे बघणं एवढाच मार्ग उरला होता, आणि त्यासाठी सामान्य माणसाशी बोलावं लागणार होतं.

म्हणून अमेरिकेच्या वनसेवेने जाहिरात व्यवसायातल्या लोकांनी युद्धकाळात उभारलेल्या वॉर अ‍ॅडव्हर्टायझिंग कौन्सिलला हाताशी धरलं. हीच संस्था पुढे अ‍ॅड कौन्सिल झाली. तिची रीत तेव्हापासून तीच आहे: जाहिरात संस्था कल्पना आणि श्रम फुकट देतात, वर्तमानपत्रं आणि वाहिन्या जागा आणि वेळ फुकट देतात, आणि सरकारी खातं निर्मितीचा खर्च उचलतं. फुकट मिळालेल्या जागेची किंमतही मोजावी लागते. ज्या वेळेला पैसे देणारा जाहिरातदार मिळाला नाही, तीच वेळ बहुतेकदा अशा जाहिरातींच्या वाट्याला येते, आणि टीव्हीवर ती अनेकदा मध्यरात्रीनंतरची असते.

सुरुवातीची पोस्टरं युद्धाच्या भाषेत बोलत होती. ‘आपला निष्काळजीपणा हेच त्यांचं गुप्त शस्त्र’ अशा अर्थाची घोषणा आणि वर शत्रूचे भेसूर चेहरे. त्यांतून भीती आणि राग दोन्ही पोचायचं. शेकोटीपाशी बसलेल्या माणसाने आता करायचं काय, ते मात्र कळत नव्हतं.

लोकांना माहिती न दिल्याने काय होतं, त्याचा एक दुःखद दाखला याच काळातला आहे. १९४४ च्या अखेरीपासून जपानने बॉम्ब बांधलेले सुमारे ९,००० फुगे उंचावरच्या वाऱ्यावर अमेरिकेच्या दिशेने सोडले. जंगलं पेटवणं हा त्यांचा एक हेतू होता. फुगे पोचतायत हे जपानला कळू नये म्हणून अमेरिकी सरकारने वर्तमानपत्रांना गप्प राहायला सांगितलं. ५ मे १९४५ रोजी ऑरेगनमध्ये ब्लाय गावाजवळ सहलीला गेलेल्या मंडळींना रानात असा एक फुगा सापडला. त्यांना त्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. स्फोटात एक गर्भवती स्त्री आणि पाच मुलं गेली. त्यानंतर सरकारने मौन सोडून लोकांना सावध करायला सुरुवात केली. जनजागृती हा सरकारी कामातला शेवटचा, उरलेल्या पैशात उरकायचा भाग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

हरणाच्या पाडसाकडून अस्वलाकडे

१९४४ च्या पोस्टरसाठी डिस्नेने आपलं बांबी हे हरणाचं पाडस वर्षभरासाठी वापरू दिलं. लोकांना ते पोस्टर फार आवडलं. शत्रूच्या भेसूर चेहऱ्याने जे साधलं नव्हतं ते जंगलातल्या एका प्राण्याने साधलं, हे वनसेवेला दिसलं. पण पात्र उसनं होतं आणि मुदत संपणार होती. म्हणून ९ ऑगस्ट १९४४ रोजी स्वतःचं अस्वल निर्माण करायचं ठरलं. चित्रकार अल्बर्ट स्टेली यांनी पहिलं पोस्टर काढलं. हॅट घातलेलं अस्वल बादलीने शेकोटीवर पाणी ओततंय, आणि खाली मजकूर असा की काळजी घेतली तर दहांतले नऊ वणवे टळतील. १९४७ मध्ये आजही प्रसिद्ध असलेलं वाक्य आलं: जंगलातले वणवे फक्त तुम्हीच रोखू शकता.

आणि मग प्रत्यक्षातच एक अस्वल सापडलं. १९५० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या कॅपिटान डोंगरात वणवा लागला. विझवणाऱ्यांना जळक्या झाडाला बिलगलेलं एक पिल्लू दिसलं, त्याचे पंजे आणि मागचे पाय भाजले होते. ते बरं झाल्यावर त्याला स्मोकी नाव देऊन वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात पाठवलं. त्याला मुलांची इतकी पत्रं येऊ लागली की १९६४ मध्ये टपाल खात्याने स्मोकीला स्वतंत्र पिनकोडच दिला: २०२५२. १९७६ मध्ये ते गेलं आणि त्याला कॅपिटानलाच पुरलं.

या सगळ्यात एक कायद्याची गोष्ट फार मोलाची आहे. १९५२ मध्ये अमेरिकी संसदेने स्मोकीसाठी कायदा केला. परवानगीशिवाय हे पात्र वापरलं तर दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. खेळणी-पुस्तकांवर ते वापरायचं तर शुल्क भरावं लागतं आणि तो पैसा वणवा प्रतिबंधाच्या शिक्षणावरच खर्च होतो. म्हणजे पात्राची विश्वासार्हताही जपली गेली आणि मोहिमेला उत्पन्नही मिळालं. स्मोकीचा पोशाख घालून शाळेत जाणाऱ्या माणसालाही नियम आहेत: बोलायचं नाही, लोकांसमोर मुखवटा काढायचा नाही. ज्या अस्वलावर मुलांचा विश्वास आहे ते कुठेही, कुणाच्याही हातून खोटं ठरू नये याची ही काळजी आहे. नेते बदलले की पोस्टरवरचे चेहरे बदलतात, अशा मोहिमा आपण पाहिल्या आहेत. ऐंशी वर्षं एकच चेहरा टिकवायला किती शिस्त लागत असेल, ते त्यावरून कळावं.

एवढं साधं वाक्य का चालतं?

‘वनसंपदा ही राष्ट्राची संपत्ती आहे’ हे वाक्य घ्या. खरं आहे, पण ते ऐकून मी आज संध्याकाळी काय करायचं? स्मोकीचं वाक्य थेट माझ्याकडे बोट दाखवतं, आणि त्याच्या सोबत येणारी कृती दहा मिनिटांत होणारी आहे. शेकोटीवर पाणी ओता, फावड्याने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता, मग हाताची मागची बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागते का ते बघा. हात लावण्याइतकं गार झालं नसेल तर सोडून जाण्याइतकंही झालेलं नाही. नुसती माती टाकून निघून जाऊ नका, असंही ते अस्वल सांगतं, कारण मातीखाली निखारे धुमसत राहतात, मुळांना धरतात आणि वारा सुटला की पुन्हा पेट घेतात. कारण कळलं की कृती लक्षात राहते.

स्मोकी रागावत नाही, हेही महत्त्वाचं. त्याचा सूर घरातल्या मोठ्या माणसाचा आहे. ही मोहीम मुलांशीही बोलत आली, त्यांना कनिष्ठ वनरक्षकाची कार्डं वाटत आली. शाळेतून आलेलं मूल वडिलांना ‘बाबा, राख अजून गरम आहे’ म्हणतं, तेव्हा ते कुठल्याही फलकापेक्षा जास्त ऐकलं जातं.

फलकावर काय लिहायचं यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं लाकूड विखुरलेलं आहे आणि पर्यटक त्याचे तुकडे उचलून नेतात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चिआल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवले आणि वेगवेगळे फलक लावून पाहिले. ‘आधीच्या अनेकांनी लाकूड नेल्यामुळे इथलं रूप बदललं आहे’ अशा फलकापाशी जवळपास ८ टक्के तुकडे चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ असा साधा फलक असताना हे प्रमाण २ टक्क्यांहूनही कमी होतं. चूक करणारे पुष्कळ आहेत असं सांगितलं की ऐकणाऱ्याला ती चूक नेहमीची वाटू लागते. ‘लोक किती बेजबाबदार झालेत’ हा सूर धरणाऱ्या प्रत्येक जाहिरातकाराने हा प्रयोग वाचायला हवा. स्मोकीच्या १९४७ च्या वाक्यात दहांतले नऊ गेले आणि फक्त ‘तुम्ही’ उरलात, तो बदल मला म्हणूनच फार शहाणपणाचा वाटतो.

पण आगी खरंच माणसांमुळे लागतात का? अमेरिकेतल्या १९९२ ते २०१२ या काळातल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८४ टक्के वणव्यांची सुरुवात माणसामुळे झालेली आढळली, बाकीचे विजेमुळे. एकूण जळालेल्या क्षेत्रात माणसाने लावलेल्या आगींचा वाटा मात्र ४४ टक्के होता. विजेमुळे लागलेल्या आगी बऱ्याचदा दुर्गम भागात असतात आणि दूरवर पसरतात. माणसाच्या आगींनी वणव्यांचा हंगाम मात्र तिप्पट लांबवला होता, कारण वीज ठरावीक ऋतूत पडते आणि माणसाच्या हातात काडी बारा महिने असते. माणसामुळे सर्वाधिक आगी लागतात तो दिवस ४ जुलै, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी फटाके उडतात.

ठिणगी कशातूनही उडते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात रेडिंगजवळ एका ट्रेलरचं टायर फुटलं, चाकाची लोखंडी कड डांबरावर घासली आणि त्या ठिणग्यांतून सव्वादोन लाखांहून जास्त एकर जळालं. म्हणूनच कॅलिफोर्नियाच्या अग्निशमन खात्याची मोहीम शेकोटीसोबत गाडीमागे लोंबणाऱ्या साखळ्यांबद्दल आणि भर दुपारी वाळक्या गवतावर चालवलेल्या गवतकापणी यंत्राबद्दलही बोलते. तिथे राहणारी आपली मराठी कुटुंबं उन्हाळ्यात तंबू घेऊन टाहो तलावाकडे किंवा योसेमिटीला जातात. वनाच्या प्रवेशापाशी स्मोकीचं चित्र असलेला, त्या दिवसाचा आगीचा धोका दाखवणारा फलक असतो. त्याच्याकडे फोटोपुरतं बघू नये. हवामान खात्याने लाल बावट्याचा इशारा दिलेल्या दिवशी, म्हणजे कोरडी हवा आणि जोराचा वारा असताना, परवानगी असली तरी शेकोटी पेटवूच नये.

वाक्याने झाकलेलं

आता अवघड भाग. ‘आग म्हणजे शत्रू’ हे चित्र इतकं खोल रुजलं की आगीशिवाय काही जंगलं जगत नाहीत हे दोन-तीन पिढ्यांच्या नजरेआड झालं.

उत्तर कॅलिफोर्नियात क्लामथ नदीकाठी राहणारे कारुक आणि युरोक लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगलात छोट्या, आवरत्या आगी लावत आले. जळालेल्या हेझलच्या झुडपाला सरळसोट नवे धुमारे फुटतात आणि त्यांच्या टोपल्या विणतात. शिवाय पालापाचोळा साठत नाही. १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून मूळ रहिवाशांच्या अशा जाळण्यावर बंदी घातली. पुढे १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टन राज्यांत दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं, डझनावारी अग्निशामक गेले, आणि नव्याने स्थापन झालेली वनसेवा हादरली. १९३५ मध्ये तिने नियम केला की कुठलीही आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत आटोक्यात आणायचीच. तो १९७० च्या दशकापर्यंत टिकला.

परिणाम असा की दर काही वर्षांनी जमिनीलगत सरकत जाणारी, फक्त पाला खाणारी आग बंद झाली. पाँडेरोसा पाइनची एकेकाळी मोकळी असलेली वनं झुडपांनी आणि कोवळ्या झाडांनी गच्च भरली. तिथे आता आग लागली की ती या दाटीच्या शिडीवरून थेट शेंड्यांवर चढते. सेक्वोया या अवाढव्य वृक्षाचंही तसंच. त्याचे शंकू आगीच्या धगीने उघडतात आणि बी रुजायला पाचोळा जळून मोकळी झालेली माती लागते. आगच नाही तर नवी रोपंही नाहीत. हे ध्यानात आल्यावर १९६८ पासून सेक्वोया आणि किंग्ज कॅन्यन या उद्यानांत मुद्दाम, नियंत्रित आग लावायला सुरुवात झाली. पण साठलेलं जळण फार होतं. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सेक्वोयांपैकी १३ ते १९ टक्के झाडं गेल्याचा अंदाज आहे. हजारो वर्षं आगीतून तगलेली झाडं होती ती. हे वाचताना आजही पोटात कालवतं.

याचा सगळा दोष स्मोकीवर टाकणारे लोक आहेत. मला ते अन्यायाचं वाटतं. धोरण त्याच्या जन्माआधीचं आहे, अस्वलाने ते लोकांच्या गळी उतरवलं इतकंच. पण इतकंच म्हणतानाही ते थोडं नव्हतं हे मान्य करायला हवं. जंगल वाचवण्यासाठी तिथे आग लावायची आहे असं अधिकारी सांगू लागले, तेव्हा स्मोकीसोबत वाढलेल्या नागरिकांना ते पटणं जड गेलं. २००१ मध्ये घोषवाक्य बदललं. ‘जंगलातल्या आगी’ऐवजी अनियंत्रित वणव्यांचा उल्लेख आला, जेणेकरून मुद्दाम लावलेली नियंत्रित आग त्यात येऊ नये आणि गवताळ रानातले वणवे मात्र यावेत. आठवण रुजवायला अर्धं शतक लागलं होतं. तिच्यातली बारीक दुरुस्ती अजून पोचतेच आहे.

दुसरी झाकलेली गोष्ट ‘फक्त तुम्हीच’ या शब्दांत आहे. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातलं पॅरडाइज हे गाव जळून गेलं. ८५ माणसं मेली, १८,००० हून जास्त इमारती गेल्या. तिथे कुणाची शेकोटी विझवायची राहिली नव्हती. पीजी अँड ई या वीज कंपनीच्या सुमारे शंभर वर्षं जुन्या उच्चदाब वाहिनीवरचा झिजलेला हूक तुटला होता. कंपनीने २०२० मध्ये न्यायालयात सदोष मनुष्यवधाचे ८४ गुन्हे कबूल केले. अशा आगीपुढे एकट्या नागरिकाची बादली काय करणार? तिथे तपासणी, कायदा आणि कंपनीवर वचक लागतो, आणि ते काम कुठलीही जाहिरात करू शकत नाही. नागरिकांवर बोट ठेवणारी मोहीम गाजत असताना वीजवाहिन्यांकडे दुर्लक्ष होत असेल, तर ती मोहीम नकळत एक आडोसा बनते.

तरीही पैसे वाया जातात असं म्हणता येत नाही. फ्लोरिडात २००० च्या दशकातल्या नोंदींवर झालेल्या अभ्यासात, प्रतिबंधाच्या शिक्षणावर वाढवलेल्या खर्चाच्या तीसपटीहून जास्त नुकसान आणि विझवण्याचा खर्च वाचतो असा हिशेब निघाला. त्यात फक्त जाहिराती नव्हत्या. घरोघर भेटी, शाळांतले कार्यक्रम, पत्रकं हे सगळं होतं, आणि या कामाचा भर कचरा जाळताना निसटणाऱ्या आगी, शेकोट्या, मुलांचे खेळ अशा टाळता येणाऱ्या कारणांवर होता.

आपल्याकडचा वणवा

महाराष्ट्रातही वणवे बहुतेक माणसांमुळेच लागतात, पण लावणारा बऱ्याचदा सहलीला आलेला नसतो. जाळलं की गवत चांगलं येतं या समजातून कुणी डोंगर पेटवतो. कोकणात आणि मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा आणि फांद्या पसरून जाळतात, त्यातली आग बांध ओलांडून रानात शिरते. विदर्भात मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरवलेलं आहे, वन विभाग जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, काढतो, भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून दिसलेल्या आगीचे इशारे पाठवते. आणि घाटात फलक असतो: वणवा लावणे गुन्हा आहे.

त्या फलकावर राब भाजणाऱ्या शेतकऱ्यासाठी काहीच नसतं. त्याला राब भाजायचाच आहे. वारा पडलेला असताना भाजावा, आधी भोवतीचं गवत कापून रुंद पट्टा मोकळा करावा, पाणी आणि हिरवे फाटे हाताशी ठेवावेत, राख गार होईपर्यंत जागा सोडू नये, हे त्याला गावच्याच माणसाच्या तोंडून, फेब्रुवारी उजाडायच्या आत ऐकायला मिळालं पाहिजे. मोह वेचणाऱ्या बाईला झाडाखाली जाळी किंवा जुनं कापड अंथरून दाखवलं पाहिजे, कारण मग पाचोळा जाळायची गरजच उरत नाही. या दोघांसाठी दोन वेगळ्या जाहिराती लागतील, आणि ट्रेकला जाणाऱ्या तरुणांसाठी तिसरी. तिन्हींच्या खाली वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा. धूर सगळ्यात आधी गुराख्याला दिसतो, आणि त्या वेळी कुणाला फोन करायचा ते त्याला पाठ असायला हवं.